घराचा उंबरठा आणि मुलाचे रक्षण

‘आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना’ अशी एक जुनी म्हण मराठीत आहे. दोन्हींकडून कोंडी झालेल्या माणसाची अवस्था सांगण्यासाठी ती वापरली जाते. परंतु तिच्या शब्दांकडे नीट पाहिले तर तीत एका मुलाची कथा दडलेली दिसते. त्या मुलाला घर आहे, आई आहे, बाप आहे, आणि तरीही ते उपाशी आहे. अनाथावर दया करावी, हे आपल्या समाजाने फार पूर्वीपासून मानले. मात्र ज्याला आईबाप आहेत आणि ज्याला भय आहे ते त्यांच्यापासूनच, अशा मुलाचे काय करावे, या प्रश्नाला उत्तर देण्यास समाजाने आणि राज्यसंस्थेने पुष्कळ काळ घेतला. ते उत्तर अजूनही पुरते सापडलेले नाही. घराचा उंबरठा ओलांडून आत जाण्याचा अधिकार परक्या माणसाला कधी पोहोचतो, आत गेल्यावर त्याने काय पाहावे, आणि मूल तेथेच ठेवावे की बाहेर काढावे, हे कोणी आणि कशाच्या आधारावर ठरवावे, या तीन प्रश्नांचा इतिहास म्हणजेच बालसंरक्षणाचा इतिहास होय. त्याचा आरंभ पाहावयाचा तर पुण्याकडे वळावे लागते. त्याची आजची कसोटी पाहावयाची तर राजधानी दिल्लीकडे.

इ. स. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत बारा वर्षांखालील मुलाला उघड्यावर टाकून देणाऱ्या आईबापांस शिक्षा सांगितली होती. परंतु शिक्षा ही घटना घडून गेल्यानंतरची गोष्ट. मूल वाचावे यासाठी आधीच काही करावे, हा विचार त्या कायद्यात नव्हता. तो विचार कृतीत आणला जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी. पुण्यातील एका ब्राह्मण विधवेने लोकलज्जेच्या भयाने आपल्या नवजात अर्भकाचा प्राण घेतला आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. या घटनेने व्यथित होऊन त्यांनी इ. स. १८६३ मध्ये आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. विधवेने तेथे यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे, आणि मूल न्यावे की तेथेच ठेवावे हे तिचे तिने ठरवावे, अशी ती व्यवस्था होती. पुढे १८७४ मध्ये अशाच एका विधवेचा मुलगा या दांपत्याने दत्तक घेतला, तोच यशवंत. १८७५ मध्ये पंढरपूर येथे प्रार्थना समाजाच्या वतीने असाच एक आश्रम सुरू झाला. त्याच्यामागे लालशंकर उमियाशंकर त्रवाडी या, तेथे न्यायाधीश म्हणून आलेल्या सरकारी अधिकाऱ्याची प्रेरणा होती.

या दोन्ही संस्थांचे मोल केवळ दयाबुद्धीत मोजणे योग्य होणार नाही. त्यांच्या मुळाशी एक महत्त्वाचे निरीक्षण होते. मुलाला धोका आईकडून दिसत असला, तरी धोक्याचे मूळ आईत नसून तिला कोंडीत धरणाऱ्या परिस्थितीत असू शकते. आणि ती कोंडी फोडली तर मूल आणि आई दोघेही वाचतात. मुलाचे रक्षण करावयाचे तर आधी आईला आधार द्यावा, हे तत्त्व आजच्या कायद्यांत शास्त्रीय भाषेत मांडलेले आढळते. पुण्यात ते कोणत्याही कायद्याशिवाय आचरणात आले होते.

राज्याने घरात शिरावे काय, हा वाद महाराष्ट्रात पेटला तो त्यानंतर सुमारे दोन तपांनी. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी पतीकडे नांदावयास जाण्याचे नाकारले. १८८४ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात दाखल झालेला तो दावा १८८८ पर्यंत गाजत राहिला. पाठोपाठ १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला. मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा करणारा हा कायदा विवाहित मुलींनाही लागू होता, आणि खरा वाद तेथेच होता. रानडे, भांडारकर आणि आगरकर यांनी कायद्याचा पुरस्कार केला; टिळकांनी विरोध केला. परकीय सरकारने आमच्या गृहजीवनात हात घालू नये, सुधारणा समाजाने आपली आपण करावी, असे टिळकपक्षाचे म्हणणे होते. समाज आपणहून बदलेल तोवर त्या कोवळ्या मुलींनी काय करावे, असा सुधारकांचा प्रतिप्रश्न होता. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद आज बाजूला ठेवले, तरी एक गोष्ट त्या वर्षी कायमची ठरून गेली. घराच्या आत, नात्याच्या पडद्याआड घडणारी हानी ही राज्याच्या दृष्टीआड राहू शकत नाही, हे तत्त्व कायद्याच्या पुस्तकात दाखल झाले.

पाश्चात्त्य देशांतही हा उंबरठा काही फार आधी ओलांडला गेला नव्हता. १८७४ मध्ये न्यूयॉर्क शहरात मेरी एलन नावाच्या एका मुलीला तिच्या पालनकर्त्या बाईकडून अमानुष मारहाण होत असल्याचे उघडकीस आले. प्राण्यांच्या छळाविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेचे प्रमुख हेन्री बर्ग यांच्या पुढाकाराने ते प्रकरण न्यायालयात गेले. ही मुलगीही एक प्राणीच आहे, असा युक्तिवाद करून तिला सोडविले, अशी एक दंतकथा त्यावरून प्रचलित झाली. वास्तविक तिची सुटका झाली ती सामान्य कायद्यातील तरतुदीच्या आधारे. दंतकथा रुजली याचे कारण मात्र समजण्याजोगे आहे : घोड्याला चाबूक मारणाऱ्याविरुद्ध दाद मागणारी संस्था तेथे होती, मुलाला मारणाऱ्याविरुद्ध नव्हती. या प्रकरणानंतर अशी पहिली संस्था न्यूयॉर्कमध्ये उभी राहिली. लंडनमध्ये ती १८८४ साली आली, आणि १८८९ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने मुलांवरील क्रौर्यास प्रतिबंध करणारा कायदा केला.

भारतात मुलांसाठी स्वतंत्र कायद्यांचा काळ सुरू झाला तो १९१९-२० च्या तुरुंग समितीच्या अहवालानंतर. मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबई इलाख्याने १९२४ मध्ये असा कायदा केला. मुंबईचा कायदा अंमलात आणण्याच्या कामी १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. या कायद्यांचा मूळ हेतू गुन्हेगार मुलांना प्रौढ कैद्यांपासून दूर ठेवण्याचा असला, तरी त्यांतून एक नवी भूमिका उदयास आली. ती म्हणजे परिवीक्षा अधिकाऱ्याची. न्यायाधीशापुढे उभे असलेले मूल कोठून आले, त्याचे घर कसे आहे, बाप काय करतो, घरात कोण कोण राहते, शेजारी काय म्हणतात, हे समक्ष जाऊन पाहणारा आणि लिहून आणणारा हा माणूस. साक्षीपुराव्याहून निराळी अशी ही माहिती प्रथमच निर्णयाचा आधार ठरू लागली. या कामाला केवळ सहृदयता पुरेशी नाही, शिक्षण हवे, याची जाणीवही लवकरच झाली. १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय निघाले. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. १९४६ मध्ये लखनौला सुरू झालेले असेच एक विद्यालय लवकरच दिल्लीला आले आणि पुढे दिल्ली विद्यापीठाचा भाग बनले.

दिल्लीला ते आले तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. १९४१ च्या जनगणनेत दिल्लीची लोकसंख्या सुमारे ९ लाख १८ हजार होती. १९५१ मध्ये ती सुमारे १७ लाख ४४ हजार झाली. फाळणीने उद्ध्वस्त झालेली सुमारे पाच लाख माणसे या शहरात आली आणि येथील लाखो मुसलमान घरे सोडून निघून गेले. पुराना किल्ला आणि किंग्जवे कॅम्प येथे निर्वासितांच्या छावण्या पडल्या. ताटातूट झालेली मुले, विधवा झालेल्या माता, अंगावरच्या वस्त्रानिशी आलेली कुटुंबे, असे एक अफाट समाजकार्य राजधानीच्या दारात येऊन उभे राहिले. लाजपतनगरचे कस्तुरबा निकेतन याच काळात निर्वासित स्त्रिया आणि मुले यांच्या आश्रयासाठी उभे राहिले. पुढील काळात त्याच आवारात बालकल्याण समितीचे कामकाज चालू लागले, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. ज्या वास्तूंना निराश्रितांची सवय होती, त्यांच्याकडेच नवे काम गेले.

या काळातील दिल्लीत समाजकल्याणाच्या कार्याला आकार देणाऱ्या व्यक्तींमध्ये दुर्गाबाई देशमुख यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. आठव्या वर्षी त्यांचे लग्न लावून देण्यात आले होते, आणि जाणत्या वयात त्यांनी ते नाते नाकारले होते. संविधान सभेच्या सदस्य राहिलेल्या या तेलुगू भाषिक विदुषीने १९५३ मध्ये, त्या वेळचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्याशी विवाह केला, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. त्याच्या आदल्या वर्षी, १९५२ मध्ये, भारतीय बालकल्याण परिषद स्थापन झाली होती. स्वयंसेवी संस्थांची सेवावृत्ती आणि शासनाचा पैसा यांची सांगड घालावी, हे या पिढीचे धोरण होते. आजही या क्षेत्रातील बरेचसे काम याच सांगडीवर चालते. तिचे गुण आणि तिचे दोष दोन्ही तेव्हापासूनचे आहेत.

अशा वातावरणात संसदेने १९६० चा बाल अधिनियम संमत केला. तो केंद्रशासित प्रदेशांसाठी होता, आणि त्यामुळे दिल्लीसाठीही. या कायद्याने प्रथमच दोन वाटा स्पष्ट वेगळ्या केल्या. ज्याच्या हातून अपराध घडला ते मूल बालन्यायालयापुढे जाईल, आणि ज्याची उपेक्षा झाली ते मूल बालकल्याण मंडळापुढे. या मंडळात किमान एक स्त्री सदस्य असलीच पाहिजे, असा दंडक होता. उपेक्षित कोणास म्हणावे, हेही कायद्याने सांगितले. भीक मागणारे मूल, घरदार आणि निर्वाहाचे साधन नसलेले मूल. आणि यांच्याच जोडीला, ज्याचे आईबाप अथवा पालक योग्य देखभाल करण्यास असमर्थ आहेत किंवा ती करीत नाहीत असे मूल. ही शेवटची ओळ महत्त्वाची. म्हणीतल्या त्या मुलाची दखल येथे राजधानीच्या कायद्याने घेतली.

अशा मुलाच्या बाबतीत कायद्याने एक विशेष पद्धत घालून दिली होती. मुलाला आईबाप असतील, आणि ते त्यांच्या ताब्यात असेल, तर पोलीस अधिकाऱ्याने त्याला उचलून न आणता मंडळाकडे वर्दी देऊन चौकशीची मागणी करावी. मंडळाने पालकास मुलासह बोलवावे आणि या मुलाला उपेक्षित का मानू नये, याचे कारण विचारावे. मूल दडविले जाईल किंवा अन्यत्र हलविले जाईल असा संभव दिसला, तरच ते तात्काळ ताब्यात घेण्याचा हुकूम द्यावा. या तरतुदीत एक समतोल होता. घराचा मान राखावा, परंतु मुलाच्या जिवाशी खेळ होऊ देऊ नये. दुसरी एक तरतूद मात्र त्या काळाचा संकोच दाखविणारी होती. ताब्यातील मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली होती खरी. पण त्यासाठी फिर्याद दाखल करावयाची तर आधी प्रशासकाची अथवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याची मंजुरी आवश्यक होती. परक्याने मुलाला मारले तर असा परवाना लागत नव्हता. घरच्या माणसाने मारले, तर तो लागत होता. उंबरठा कायद्याने ओलांडला होता, पण पाऊल अजून अडखळत होते.

याच सुमारास वैद्यकशास्त्राने या प्रश्नाला एक नवा डोळा दिला. १९६२ मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ हेन्री केंप आणि त्यांचे सहकारी यांनी मारहाण झालेल्या बालकांविषयी एक लेख प्रसिद्ध केला. ७१ रुग्णालयांतून त्यांनी अशा ३०२ मुलांची माहिती मिळविली होती. त्यांतील ३३ मुले दगावली होती. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : आईबाप सांगतात की मूल पाळण्यातून पडले, परंतु क्ष-किरणांच्या चित्रात निरनिराळ्या काळी मोडलेली आणि निरनिराळ्या टप्प्यांवर सांधत आलेली हाडे दिसतात. एका पडण्याने असे होत नाही. सांगितलेली हकीकत आणि शरीरावरची खूण यांचा मेळ बसतो की नाही, हे पाहणे तेव्हापासून या कामाचा पाया ठरले. जी साक्ष मुलाला देता येत नव्हती, ती त्याची हाडे देऊ लागली.

भारतात पुढची पंचवीस वर्षे कायद्यांची विविधता होती. प्रत्येक राज्याचा कायदा निराळा, काही राज्यांत तो नावालाही नव्हता. तुरुंगांतील मुलांच्या प्रश्नावर पत्रकार शीला बर्वे नव्हे, शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, आणि १९८६ मध्ये न्यायालयाने सर्व देशासाठी एकच कायदा असावा, असे मत व्यक्त केले. त्याच वर्षी बालन्याय अधिनियम संमत झाला. १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांची संहिता स्वीकारली. भारताने ती डिसेंबर १९९२ मध्ये मान्य केली. तिला अनुसरून २००० साली नवा बालन्याय कायदा झाला आणि मंडळाच्या जागी बालकल्याण समिती आली. क्रौर्याच्या फिर्यादीपूर्वी मंजुरी घेण्याची जुनी अटही या कायद्यात राहिली नाही. भाषाही बदलली. ‘उपेक्षित मूल’ हा शब्द जाऊन ‘काळजी आणि संरक्षण यांची गरज असलेले मूल’ हा शब्दप्रयोग आला. पहिल्या शब्दात मुलावर एक शिक्का होता. दुसऱ्यात इतरांच्या कर्तव्याचा उच्चार आहे. दरम्यान १९९६ मध्ये मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत एका प्रकल्पाच्या रूपाने १०९८ या क्रमांकाची दूरध्वनी सेवा सुरू झाली आणि ती देशभर पसरली. घराच्या आतून बाहेर हाक मारण्याचे एक साधन मुलाच्या हाती आले.

हाक किती मोठी आहे, याचा अंदाज २००७ मध्ये आला. केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून केलेल्या पाहणीचा अहवाल त्या वर्षी दिल्लीत प्रसिद्ध झाला. दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक मारहाणीचा अनुभव सांगितला. कुटुंबात ज्यांना मारहाण झाली, त्यांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे त्यांचे आईबापच होते. ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या लैंगिक अत्याचाराचा उल्लेख केला, आणि सुमारे निम्म्या घटनांत अत्याचार करणारा मुलाच्या ओळखीचा अथवा विश्वासातला होता. धोका अंधाऱ्या रस्त्यावर असतो आणि सुरक्षितता घरात, या सोयीस्कर समजुतीला या आकड्यांनी मोठा धक्का दिला. २०१२ चा बाललैंगिक अत्याचारविरोधी कायदा, ज्याला सामान्यतः पॉक्सो म्हणतात, तो याच जाणिवेतून आला.

त्याच २०१२ च्या पहिल्या चार महिन्यांत दोन घटना दिल्लीत चर्चिल्या जात होत्या. त्या शेजारी शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत. पहिली घटना नॉर्वेतील. तेथे राहणाऱ्या एका भारतीय दांपत्याची दोन लहान मुले तेथील बालसंरक्षण खात्याने आदल्या वर्षी काढून घेतली होती. हाताने भरविणे, मुलांना आपल्याजवळ झोपविणे, अशा गोष्टींवरही आक्षेप घेतला गेल्याचे आईबापांनी सांगितले. दिल्लीत संताप उसळला, परराष्ट्र खाते मध्ये पडले, आणि एप्रिलमध्ये मुले त्यांच्या काकांच्या स्वाधीन करण्यात आली. दुसरी घटना दिल्लीतीलच. एका मोठ्या रुग्णालयात दोन वर्षांची एक जबर जखमी मुलगी आणली गेली. तिला घेऊन येणारी होती एक अल्पवयीन मुलगी, आणि ती स्वतःही अत्याचाराची बळी होती. ते बालक वाचू शकले नाही. एका प्रकरणात राज्य फार लवकर आणि फार पुढे गेले, असे लोकांना वाटले. दुसऱ्या प्रकरणात ते कोठेच नव्हते. आपल्या मुलांना परक्या सरकारने हात लावू नये, असे म्हणणारी नगरी स्वतःच्या वस्तीतील मुलापर्यंत वेळेवर पोहोचू शकली नव्हती. बालसंरक्षणाचे सारे अवघडपण या दोन टोकांच्या मधोमध आहे.

कायद्याने या मधल्या जागेत चालण्यासाठी काही खुणा घालून दिल्या आहेत. पॉक्सोच्या नियमांनुसार, अत्याचाराचा संशय मुलाच्या बरोबर एकाच घरात राहणाऱ्या माणसावर असेल, तर पोलिसांनी चोवीस तासांच्या आत ते मूल बालकल्याण समितीपुढे आणावे, आणि समितीने तीन दिवसांत ठरवावे की मुलाला घरातून बाहेर काढणे आवश्यक आहे काय. ठरविताना पाहावयाच्या गोष्टी नियमांतच दिल्या आहेत. मुलाची स्वतःची इच्छा काय आहे. आईबापांपैकी एक जण, किंवा मुलाचा ज्यावर विश्वास आहे असा दुसरा कोणी, त्याची काळजी घेण्यास समर्थ आहे काय. कुटुंबाशी संबंध टिकण्याची मुलाला किती गरज आहे. त्याचे वय, समज, लिंग आणि सामाजिक-आर्थिक स्थिती. अपंगत्व अथवा दीर्घ आजार. आणि त्या घरात पूर्वी हिंसा झाल्याचा काही इतिहास आहे काय. या सूचीत एक अनुभव साठलेला आहे. कोणतीही एक खूण पुरेशी नसते. सर्व खुणा एकत्र वाचाव्या लागतात.

त्या वाचण्याचे काम करतो सामाजिक कार्यकर्ता. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. मूल समितीपुढे आले, की चौकशीचा आदेश निघतो, आणि कार्यकर्त्याने पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यावा, अशी अपेक्षा असते. अहवालाचा छापील नमुना आहे. परंतु नमुन्याच्या रकान्यांत न मावणारे पुष्कळ काही त्याला पाहावे लागते. दिल्लीच्या एखाद्या दाट वस्तीत, एका खोलीत सहा माणसे राहतात. तेथे कोण कोठे झोपतो, हा प्रश्न औपचारिक नसतो. आई धुणेभांड्यांस जाते, त्या वेळी मूल कोणाच्या स्वाधीन असते? शाळेच्या हजेरीपटात खंड कधी पडला? अंगणवाडीत वजन घटल्याची नोंद आहे काय? मुलाशी एकट्याने बोलता आले काय, की प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दारात उभा असलेला माणूसच देत होता? धाकटी भावंडे कशी आहेत? तक्रार करणाऱ्या शेजाऱ्याचे या घराशी पाण्यावरून भांडण तर नाही? यांतील प्रत्येक उत्तर दोन्ही बाजूंनी वाचता येते, आणि चूक झाली तर तिची किंमत मोजावी लागते ती मुलाला.

सर्वांत अवघड भेद असतो तो दारिद्र्य आणि उपेक्षा यांतील. मुलाच्या अंगावर धड कपडा नाही, पोटात पुरेसे अन्न नाही, दुपारभर ते रस्त्यावर हिंडते. हे पालकाचे क्रौर्य, की त्याची लाचारी? १९६० च्या कायद्यातील ‘असमर्थ पालक’ या शब्दांचा अर्थ ‘गरीब पालक’ असा होण्याची भीती नेहमीच होती, आणि मूल उचलून संस्थेत घालणे हा उपाय हाताशी असे. २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मान्य केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत हे स्पष्ट सांगितले गेले की केवळ दारिद्र्य हे मुलाला आईबापांपासून तोडण्याचे कारण असू शकत नाही. ते कुटुंबाला मदत देण्याचे कारण आहे. भारताच्या २०१५ च्या कायद्यानेही संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला. त्याच कायद्याने मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्याची शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी वाढविली. पण त्याबरोबरच म्हटले की आपल्या आवाक्याबाहेरच्या परिस्थितीमुळे जन्मदात्यांनी मूल सोडले असेल, तर ते त्यांनी बुद्ध्या सोडले असे मानू नये. कठोरपणा आणि करुणा यांचा हा संयोग एकाच कलमात आढळतो. पुण्यात १८६३ मध्ये जे ओळखले गेले होते, ते कायद्यात यावयास दीडशे वर्षे लागली.

या तत्त्वाला पैशाची जोड नसेल तर ते पोकळ राहते. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत अशा कुटुंबातील मुलासाठी दरमहा ४,००० रुपये साहाय्य देण्याची तरतूद २०२२ पासून आहे. महाराष्ट्रातही मुलाला कौटुंबिक वातावरणातच वाढविण्यासाठी बालसंगोपन योजना आहे, आणि तिला सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले आहे. जेथे स्वतःचे घर अशक्यच असते, तेथे दुसरे कुटुंब शोधावे, हा प्रयत्नही जुना आहे. ऑस्ट्रियात १९४९ मध्ये सुरू झालेली बालग्रामाची कल्पना १९६४ मध्ये भारतात आली, आणि दिल्लीलगतच्या फरीदाबाद येथे तिचे पहिले ग्राम वसले. मोठ्या वसतिगृहाऐवजी लहान घर, आणि प्रत्येक घरात एक माता, अशी तिची रचना आहे. आजच्या कायद्यातील प्रतिपालक कुटुंबाची सोय याच दिशेची.

राजधानीच्या परिसरात या कामाला आणखी एक अडचण आहे, आणि ती नकाशातून निर्माण झालेली आहे. दिल्ली, गुरुग्राम, फरीदाबाद, नोएडा, गाझियाबाद ही नावे निराळी असली, तरी वस्ती सलग आहे. मजूर कुटुंब कामामागे फिरते. पावसाळ्यात नोएडात, हिवाळ्यात गुरुग्रामात. कार्यकर्ता आपल्या अहवालासाठी दुसऱ्यांदा भेटीस जातो, तोवर खोलीला कुलूप लागलेले असते. कुटुंबाने चार कोस अंतर तोडले, इतकेच. पण तेवढ्यात राज्य बदलले, पोलीस ठाणे बदलले, समिती बदलली, आणि आधीच्या भेटीत काय दिसले होते, हे नव्या समितीस ठाऊक नाही. मुलाचे प्रकरण त्याच्या निवासाच्या जिल्ह्यातील समितीकडे सोपविण्याची सोय कायद्यात आहे. मात्र ती उपयोगी पडावयाची तर निवास एका जागी टिकला पाहिजे. धोक्यात असलेल्या मुलाचा पत्ता बहुधा टिकत नाही. म्हणून कागद मुलाच्या मागोमाग गेला पाहिजे, आणि मुलापेक्षा लवकर पोहोचला पाहिजे. हे काम कायद्याच्या नव्या कलमाने होणारे नव्हे. ते नेटक्या कारभाराने, पुरेशा नेमणुकांनी आणि एकमेकांचा दूरध्वनी उचलणाऱ्या अधिकाऱ्यांनीच होणारे आहे.

दीडशे वर्षांचा हा प्रवास पाहता एक गोष्ट विशेष जाणवते. आरंभीच्या काळात मुलाविषयी सर्वांनी मते दिली : शास्त्र्यांनी, सुधारकांनी, न्यायाधीशांनी, संपादकांनी. संमतिवयाच्या वादात हजारो पाने लिहिली गेली. ज्या मुलींविषयी ती लिहिली गेली, त्यांना मात्र क्वचितच कोणी विचारले. आज नियमांच्या सूचीत सर्वांत आधी येते ती मुलाची स्वतःची इच्छा. ती जशीच्या तशी मान्य करावी, असे कायदा म्हणत नाही, कारण मार खाणारे मूलही पुष्कळदा आईकडेच परत जाऊ इच्छिते. पण ती विचारली पाहिजे, लिहिली पाहिजे, आणि तिच्याविरुद्ध निर्णय घ्यावयाचा तर त्याचे कारण मोठ्या माणसांनी मनाशी पक्के केले पाहिजे. एखाद्या खोलीच्या दाराशी उभ्या असलेल्या कार्यकर्त्याजवळ अखेर दोनच साधने असतात : नीट पाहणारे डोळे, आणि मुलाचे बोलणे पुरते होईपर्यंत थांबण्याचा धीर. बाकीचे सारे, कायदे, समित्या, अहवाल, ही दोन साधने त्याच्या हाती राहावीत, यासाठीच आहे.